पीटर ईटर आणि पाचावरची धारण

आज एका पातेल्याची गोष्ट सांगतो. खरं म्हणजे गोष्ट एका मुलाची आहे, पण पातेल्याशिवाय ती पुरी व्हायची नाही.

अमेरिकेत बाल्टिमोर नावाचं शहर आहे. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स या नावाजलेल्या इस्पितळात लिओ कॅनर नावाचे डॉक्टर होते. जन्म १८९४ सालचा, आज युक्रेनमध्ये असलेल्या एका खेड्यातला. शिकले बर्लिनला, १९२४ साली अमेरिकेला गेले आणि १९३० साली जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी खास लहान मुलांच्या मनाचा दवाखाना सुरू केला. त्यांची एक सवय मला फार मोलाची वाटते. समोरचं मूल जे बोलेल ते जसंच्या तसं टिपून ठेवायचे. अर्थ लागला तरी टिपायचे, नाही लागला तरी टिपायचे.

त्यांच्याकडे एक पाच वर्षांचा मुलगा आला. कॅनरांनी त्याला पॉल म्हटलंय, आपणही पॉलच म्हणू. हा पॉल दवाखान्यात असताना मध्येच म्हणाला, “कुत्र्याला गॅलरीतून खाली टाकू नकोस.” आता तिथे कुत्रा नव्हता, गॅलरीही नव्हती. कोणी कोणाला काही टाकायला सांगितलं नव्हतं, टाकू नको म्हणून दटावलंही नव्हतं.

सांगा पाहू, तुम्ही काय म्हणाला असतात? ‘काहीतरीच बरळतोय’, असंच ना? मोठी माणसंही तेच म्हणत होती. कॅनरांनी मात्र चौकशी केली, आणि तीन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग बाहेर आला. पॉल तेव्हा आईवडिलांबरोबर लंडनच्या एका हॉटेलात उतरला होता. खोलीला गॅलरी होती आणि पॉलकडे खेळण्यातला कुत्रा होता. त्याने तो गॅलरीतून खाली टाकला. आईने आणून दिला, त्याने पुन्हा टाकला. खाली-वर करून आई दमली आणि वैतागून म्हणाली, “कुत्र्याला गॅलरीतून खाली टाकू नकोस.” त्या दिवसापासून काहीही फेकावंसं वाटलं, की पॉल हेच वाक्य म्हणे आणि स्वतःला आवरे. हातात चेंडू असो, पुस्तक असो, वाक्य तेच. आपण “हात आवर” म्हणतो ना, त्या जागी त्याचं ते वाक्य होतं.

आता पातेलं. पॉल कधीकधी एकदम “पीटर ईटर” असं म्हणायचा. आईला विचारलं तेव्हा तिला आठवलं. पॉल दोन वर्षांचा असताना ती स्वयंपाकघरात काम करता करता त्याला एक बडबडगीत म्हणून दाखवत होती. गाणं पीटर नावाच्या कोणा भोपळेखाऊ माणसाचं. तेवढ्यात तिच्या हातून दांड्याचं पातेलं निसटून जमिनीवर पडलं. आवाज कसा झाला असेल ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसापासून पॉलला पातेल्यासारखं काहीही दिसलं, की तो म्हणे, “पीटर ईटर.”

१९४६ साली कॅनरांनी या सगळ्यावर एक लेख लिहिला. लोक ज्याला असंबद्ध म्हणतात ते बोलणं रूपकाचं आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. एका गोष्टीसाठी दुसरीच गोष्ट म्हणायची, हेच तर कवीही करतात. फरक इतकाच, की कवीचं रूपक वाचणाऱ्याला आपलं आपण उलगडतं आणि पॉलचं रूपक उलगडायला त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात असावं लागतं. किंवा जी तिथे होती, त्या आईला विचारावं लागतं.

पॉलला ऑटिझम होता. मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा आजार नव्हे, औषधाने बरा करायचा तापही नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून थोडी निराळी असते. आवाज, उजेड, स्पर्श, माणसांचे चेहरे, बोलणं, या सगळ्याची लागणारी संगतीच वेगळी असते. कॅनरांनी १९४३ साली पहिल्यांदा ११ मुलांचं वर्णन लिहिलं, त्यात ८ मुलगे होते आणि ३ मुली. त्यांतली तिघं अजिबात बोलत नव्हती. आज जगभर शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल असं असतं असा अंदाज आहे. कोणी अखंड बोलतं, कोणी एक शब्दही बोलत नाही. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते सगळ्यांना सारखं लागू नाही, हे लक्षात ठेवूनच ऐका.

कॅनरांच्या त्या ११ मुलांत जॉन नावाचा एक मुलगा होता. त्याचे वडील एकदा म्हणाले, की घरी आमच्याकडे भिंतीवर चित्रं आहेत. जॉन अस्वस्थ झाला. भिंतीवर नाहीत, भिंतीजवळ आहेत, असं त्याने वडिलांना सुधारून सांगितलं.

हसू नका. जरा कुंपणाच्या भिंतीकडे बघा. तिच्यावर मांजर बसतं ते भिंतीच्या डोक्यावर बसतं. चित्र कुठे भिंतीच्या डोक्यावर बसलेलं असतं? ते तर भिंतीला लागून लटकतं. “वर” या शब्दाला जॉन जितका जागला, तितके आपण कोणी जागत नाही.

इथे एक कोडं पडतं. तीच मुलं एकीकडे शब्दाला इतकी घट्ट धरून असतात, की “भिंतीवर” म्हटलेलंही त्यांना खटकतं. पोटात कावळे ओरडतात म्हटलं तर ती पोटाकडे बघतील, डोळा लागला म्हटलं तर कोणाला लागला म्हणून विचारतील. आणि दुसरीकडे कॅनर म्हणतात, की हीच मुलं रूपकांत बोलतात. दोन्ही खरं कसं?

या कोड्याकडे जायचं तर वाट आपल्याच घरातून जाते. धाकटे, पाचावर धारण बसणे म्हणजे काय गं? बरोबर, भयंकर घाबरणे. आता सांग, धारण म्हणजे काय? नाही ना येत? आणि पाच कशाचे? तेही नाही. धारण म्हणजे बाजारातला धान्याचा भाव. हे मी सांगेपर्यंत तुला ठाऊक नव्हतं, तरी वाक्प्रचार तुला चोख कळत होता. मग कळला कसा? तू काही बसून डोकं लढवलं नाहीस. कधीतरी आजी कोणाची तरी गोष्ट सांगत होती, साप निघाला होता नाहीतर रात्री दार वाजलं होतं. आजीचे डोळे मोठे झाले, आवाज खाली आला, ऐकणाऱ्यांनी श्वास धरला आणि त्याच क्षणी ते शब्द आले. पाचावर धारण बसली. रानातून चालताना आघाड्याचं बी कपड्याला चिकटून घरापर्यंत येतं, तसे ते शब्द त्या भीतीला चिकटून तुझ्यापर्यंत आले.

म्हणजे तूही पॉलसारखंच केलंस! शब्द ऐकले, तो क्षण पकडला आणि दोन्ही एकत्र बांधून टाकले. पॉलनेही “पीटर ईटर” हे शब्द आणि तो क्षण बांधून ठेवले. फरक कुठे पडला? आजी बोलत असताना तू आजीच्या चेहऱ्याकडे बघत होतीस, आणि बाकीचेही तिकडेच बघत होते. म्हणून तुम्हा सगळ्यांचा क्षण एकच होता. पॉलची आई गात असताना पॉलसाठी त्या क्षणात सगळ्यात मोठं काय होतं? खणखणत पडलेलं पातेलं. त्याने शब्द त्याला बांधले.

आता म्हणाल, आजोबा, ही तुमची कल्पना झाली. पुरावा काय? पुरावा आहे, आणि तो मिळवायची युक्ती फार सुंदर आहे. १९९७ साली सायमन बॅरन-कोहेन, डेअर बाल्डविन आणि मेरी क्राउसन या तिघांनी एक प्रयोग केला. मुलाला एक अनोळखी खेळणं द्यायचं, ज्याचं नाव त्याने कधी ऐकलेलं नाही. दुसरं तसंच अनोळखी खेळणं प्रयोग करणाऱ्या बाईंकडे. मूल आपल्या खेळण्याकडे टक लावून बघतंय असं दिसलं, की बाईंनी स्वतःच्या खेळण्याकडे बघत एक नवाच शब्द म्हणायचा. समजा, “हा टोमा!” मग थोड्या वेळाने दोन्ही खेळणी समोर ठेवून विचारायचं, टोमा कुठला?

शब्द कानावर पडला तेव्हा मुलाची नजर स्वतःच्या खेळण्यावर होती. पण टोमा कशाला म्हणतात हे कळायला वर मान करून बघावं लागतं, की बोलणारीची नजर कुठे आहे. साधी दोन वर्षांची मुलं हे आपसूक करतात. त्यांतल्या १० पैकी जवळजवळ ८ जणांनी बाईंचं खेळणं दाखवलं. ज्यांची वाढ मंद आहे पण ऑटिझम नाही, अशा मुलांतही १० पैकी ७ जणांना जमलं. ऑटिझम असलेल्या मुलांत मात्र १० पैकी जेमतेम ३ जणांना. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांनी शब्द बांधला तो त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर होतं त्या खेळण्याला.

मला हा प्रयोग पहिल्यांदा कळला तेव्हा पातेल्याचा आवाज कानात घुमला. शिकण्याची ताकद त्या मुलांत पुरेपूर होती. शब्दही पकडला होता आणि वस्तूही. फक्त दोन माणसांच्या नजरा दोन ठिकाणी होत्या.

वाक्प्रचाराचं तर सगळंच बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं. “टोमा” म्हणताना निदान एखादं खेळणं हातात धरून दाखवता येतं. “नाकी नऊ आले” हे कशाला हात लावून दाखवणार? ते दमलेल्या खांद्यांत असतं, कपाळावर पुसलेल्या घामात असतं. ज्या मुलाला चेहऱ्याकडे बघणं अवघड जातं, किंवा ज्याचं सारं लक्ष त्या वेळी पंख्याच्या घरघरीने खाल्लेलं असतं, त्याला नाक मिळतं, नऊ मिळतात आणि दमणूक तेवढी निसटते.

आणि आपल्याला या सगळ्याची इतकी सवय झालेली असते, की आपण वाक्प्रचार उलगडतो हेसुद्धा खरं नाही. रेमंड गिब्ज नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली दाखवलं, की ओळखीच्या वाक्प्रचाराचा रूढ अर्थ माणसाला शब्दशः अर्थापेक्षा लवकर लागतो. कोणी म्हणालं, “त्याने मला टोपी घातली”, तर तुमच्या मनात आधी फसवणूक येते. खरोखरची टोपी घातली असेल हे नंतर सुचतं, कधीकधी सुचतही नाही. आपल्याला आयतं मिळालेलं असतं ते. आयतं मिळालेलं माणूस फारसं तपासत नाही, आणि दुसऱ्याला ते मिळालेलं नसेल हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

आपल्या मराठीने तर या मुलांपुढे केवढे डोंगर उभे केलेत बघा. ताट वाढलं म्हणजे जेवायला घातलं. मुलगा वाढला म्हणजे मोठा झाला. इथवर ठीक. पण दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं, नारळ वाढवला म्हणजे फोडला आणि बांगडी वाढवली म्हणजे तीही फुटली! फुटणं, संपणं, बंद होणं हे शब्द तोंडावाटे जाऊ नयेत म्हणून जुन्या माणसांनी त्यांच्या जागी नेमका उलटा शब्द ठेवला. त्यामागची माया ज्याला ठाऊक त्याला तो गोड वाटतो. पण ज्याने “वाढणे” हा शब्द एकदा नीट, प्रामाणिकपणे शिकून घेतला, तो वाण्याच्या दारात उभा राहून बंद कुलपाकडे बघत राहील. त्यात त्याचं काय चुकलं?

तळमजल्यावरचा तुमचा मित्रही अशांतलाच, तुम्हाला माहीत आहे. गेल्या वर्षी एका सकाळी त्याच्या आईने गॅसवर दूध ठेवलं, “दुधाकडे लक्ष ठेव हं, मी आलेच” म्हणाली आणि वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीवर गेली. मी तिच्याकडे फुलपात्रभर विरजण मागायला गेलो होतो, म्हणून मला हे बघायला मिळालं. परतलेली आई आणि मी एकदमच स्वयंपाकघराच्या दारात पोहोचलो. मुलगा स्टूल ओढून ओट्याजवळ बसला होता, हात मांडीवर, नजर पातेल्यावर. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ठिबकत होतं. आईने धावत जाऊन गॅस बंद केला. “लक्ष ठेव म्हटलं होतं ना रे!” तो म्हणाला, “ठेवलं होतं.” आणि मग त्याने सगळं सांगितलं. आधी कडेला बारीक बुडबुडे आले, मग साय मधोमध फुगली, मग साईला चीर पडली, मग दूध उजवीकडून खाली गेलं. एकही टप्पा सुटला नव्हता. तुमच्या-माझ्यापैकी कोणी जन्मात दुधाकडे इतकं लक्ष दिलं नसेल.

ती बाई मोठ्या मनाची. क्षणभर थांबली, त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, “दूध वर यायला लागलं की हे बटण असं फिरवून गॅस बंद करायचा. दुधाकडे लक्ष ठेव म्हटलं की हे करायचं.” तेव्हापासून त्या घरात दूध उतू गेलं तर ते आईच्या हातून, त्याच्या हातून नाही.

अर्थ कुठे दडला होता बघा. “गॅस बंद कर” हे शब्द तिच्या वाक्यात नव्हतेच. ते तिच्या मनात होते, आणि मनातलं ओळखून घ्यायचं असं आपण सगळे गृहीत धरून चालतो.

शास्त्रज्ञांची एक मोठी अटकळ इथूनच निघाली. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखणंच या मुलांना जड जातं का? १९८५ साली लंडनमध्ये बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्या घेतल्या, सॅली आणि अ‍ॅन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. अ‍ॅन ती काढून खोक्यात ठेवते. सॅली परत आली, तर गोटी कुठे शोधेल? टोपलीत, अर्थात. तिला बिचारीला कुठे माहीत आहे! ऑटिझम असलेल्या २० मुलांपैकी १६ जण मात्र म्हणाले, खोक्यात. कारण गोटी खरोखर तिथेच होती.

मग १९९३ साली फ्रान्चेस्का हापे यांनी हा धागा भाषेपर्यंत नेला. तुम्हाला शाळेत उपमा आणि रूपक शिकवतात ना? “तो सिंहासारखा आहे” ही उपमा. “सारखा” हा शब्द सरळ सांगतो, की बाबा रे, तुलना चालली आहे. “तो सिंह आहे” हे रूपक. इथे शब्द खोटं बोलतात आणि बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते आपण ओळखायचं असतं. हापे यांना दिसलं, की सॅलीच्या कोड्यात अडकलेल्या मुलांना उपमा जमत होती, पण रूपकाशी अडत होतं. उशिरा आलेल्याला “वा, अगदी वेळेवर आलात!” असं म्हणतात, त्या उपरोधासाठी तर आणखी एक पायरी चढावी लागत होती. बोलणारा जे बोलतो त्याच्या उलट त्याला म्हणायचंय, आणि ते आपल्याला कळेल हेही त्याला ठाऊक आहे! केवढा प्रवास एका वाक्यासाठी.

अटकळ सुरेख होती आणि बरीच वर्षं ती पाठ्यपुस्तकांत राहिली. पण निसर्ग एका अटकळीत मावत नाही. २००५ साली कोर्टनी नॉर्बरी या संशोधक बाईंनी वेगळाच प्रश्न विचारला. त्यांनी मुलांच्या शब्दसंग्रहाकडे पाहिलं. मुलाला किती शब्द येतात, एका शब्दाचे किती पदर ठाऊक आहेत, कोणते शब्द एकमेकांच्या जवळचे हे त्याला कितपत माहीत आहे. आणि काय निघालं? ज्या मुलांची भाषा चांगली होती त्यांना रूपक कळत होतं, ऑटिझम असो वा नसो. ज्यांची भाषाच कच्ची होती त्यांना जड जात होतं, ऑटिझम नसला तरीही. पुढे २०१८ साली चाळीसहून अधिक अभ्यास एकत्र मांडून बघितले, तेव्हाही तेच ठळकपणे दिसलं. भाषेची तयारी सारखी असलेली मुलं शेजारी बसवली, की दोघांमधलं अंतर पुष्कळ कमी होतं.

माझ्या मते ही फार मोठी बातमी आहे, आणि ती आपल्याकडे पुरेशी पोहोचलेली नाही. अजूनही मी शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकतो, की या मुलांना अलंकारिक बोलणं कळतच नाही, त्यांच्या मेंदूत ती सोयच नसते. मग शिक्षक गोष्टींतून म्हणी गाळतात, आईवडील घरात चाचपडत सपाट बोलू लागतात, आणि मुलाच्या वाट्याला जी थोडीफार भाषा यायची तीही आटते. सोय असते. तिथवर जायची वाट निराळी असते.

त्या वाटेने गेलेल्या एका बाईंची गोष्ट तुम्हाला सांगतोच. टेम्पल ग्रँडिन. जन्म १९४७, अमेरिकेतल्या बॉस्टनचा. तीन वर्षांच्या झाल्या तरी बोलत नव्हत्या. पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. गुराढोरांना भीती न वाटता हलवता यावं म्हणून त्यांनी आखलेले गोठे आणि वळणदार वाटा आज अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी वापरतात. आपण शब्दांत विचार करत नाही, चित्रांत करतो, असं त्यांनी स्वतः पुस्तकात लिहून ठेवलंय.

या टेम्पलबाई शाळेत असताना एका रविवारी प्रार्थनेच्या वेळी धर्मोपदेशक म्हणाले, की तुमच्या प्रत्येकासमोर स्वर्गात जाणारं एक दार आहे. बाकीच्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. टेम्पल दार शोधायला लागली. खरंखुरं दार, चौकट आणि कडी असलेलं. कपाटाचं दार बघितलं, न्हाणीघराचं बघितलं, गोठ्याचंही बघितलं. हे नाही, तेही नाही. मग काही दिवसांनी वसतिगृहाला जोडून नवं बांधकाम चालू होतं, तिथे शिडी दिसली. ती चढत गेली, तर अगदी वर एक छोटी खोली आणि तिला गच्चीवर उघडणारं लहानसं लाकडी दार. तिथे उभं राहिल्यावर तिला आत काहीतरी शांत झाल्यासारखं वाटलं. हेच ते दार!

तुम्ही म्हणाल, चुकलीच की. पण पुढे ऐका. ते दार तिने पुढे कितीतरी वर्षं वापरलं. शाळा संपून कॉलेजात जायचं होतं, पुढे काय होईल याचं चित्र डोळ्यांसमोर येईना, तेव्हा ती खऱ्याखुऱ्या दारातून पलीकडे जाण्याचा सराव करायची. एक टप्पा ओलांडायचा, तर एक दार ओलांडायचं. “आयुष्याला नवं दार उघडलं” असं आपण भाषणात बोलून जातो. ते रूपक ती हाताने ढकलून, उंबरा ओलांडून शिकली, आणि मग ते तिच्या इतकं कामी आलं जितकं आपल्या कधी येत नाही.

आणि ती काही एकटी नव्हे. इस्राएलमधल्या बार-इलान विद्यापीठात अनात कासिरेर आणि निरा मशाल यांनी ऑटिझम असलेल्यांना सांगितलं, की भावनांसाठी तुमच्या मनाने नवी रूपकं तयार करा. आधी मोठ्या माणसांना सांगितलं, मग मुलांना. रुळलेल्या रूपकांचा अर्थ सांगण्यात कुठेकुठे ती मागे होती. पण नवं रूपक घडवण्यात इतरांपेक्षा पुढे! त्यांची रूपकं जास्त ताजी, कोणी आधी न वापरलेली. का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. ज्याला आयतं मिळत नाही, तो स्वतः घडवतो. पॉलने दोन वर्षांचा असताना तेच केलं होतं.

धाकटीचा प्रश्न आला, की मग आपण त्यांच्याशी बोलायचं तरी कसं? अगं, नेहमीसारखंच. फक्त जोडीला अर्थ ठेवायचा. “माझ्या नाकी नऊ आले, म्हणजे मी फार दमलो.” तेही तेव्हाच म्हणायचं जेव्हा तू खरंच दमलेली आहेस, म्हणजे शब्द आणि क्षण एकत्र मिळतील. इटलीतल्या क्रिस्तिना काच्यारी आणि मारिया क्यारा लेवोरातो यांनी १९८९ साली साध्या शाळकरी मुलांवर अभ्यास केला होता. सात वर्षांच्या मुलांनाही सुटा वाक्प्रचार दिला तर ती शब्दशः घेत, गोष्टीत घालून दिला तर बऱ्याच जणांना अर्थ लागे. आपल्या परीक्षेत मात्र अजूनही वाक्प्रचारांची यादी देऊन अर्थ लिहायला सांगतात. यादी पाठ करण्यात तळमजल्यावरचा तुमचा मित्र तुम्हा सगळ्यांना मागे टाकेल. पण साप, दारावरची थाप आणि आजीचे मोठे झालेले डोळे त्या यादीत नसतात.

रूपकही शिकवता येतं. २०१२ साली अमेरिकेत ऑटिझम असलेल्या तीन लहान मुलांना पायरीपायरीने शिकवून बघितलं. आधी एका गोष्टीचे गुण सांगायचे, मग दुसरीचे, मग दोन्हींत सारखं काय ते शोधायचं. सिंहाला आयाळ आहे, शेपूट आहे, तो घाबरत नाही. मामाला आयाळ नाही, शेपूट नाही, पण तोही घाबरत नाही. मिळालं! तिघंही शिकली, आणि मुख्य म्हणजे कधी न ऐकलेली रूपकंही त्यांना सोडवता येऊ लागली.

आणि अर्धं काम आपलं आहे, हे डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली ठणकावून सांगितलं. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत. त्यांचं म्हणणं, की तुम्ही सतत विचारता या मुलांना आपलं मन का ओळखता येत नाही. पण तुम्हाला तरी त्यांचं मन कुठे ओळखता येतं? २०२० साली याची परीक्षाच झाली. एडिनबरोच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ माणसांच्या आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या. पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. तुमच्या कानगोष्टींच्या खेळासारखंच. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच ऑटिझम नसलेल्यांच्या साखळीत टिकली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत, जिथे एकाआड एक दोन प्रकारची माणसं होती. म्हणजे बिघाड एकाच्या डोक्यात नसून दोघांच्या मधल्या जागेत होता.

त्या मधल्या जागेत तुम्ही रोज वावरता. तळमजल्यावर कॅरम खेळायला जाता आणि निघताना दारातून ओरडता, “येतो रे!” आपल्याकडे जातो म्हणायचं नाही म्हणून तुम्ही येतो म्हणता आणि घरी येऊन जेवायला बसता. त्याची आई परवा सांगत होती, की तो दिवा लागेपर्यंत सोंगट्या मांडून बसून असतो, कारण तुम्ही येतो म्हणालेला असता. उद्या खेळ संपला की त्याला सांगा, निघताना येतो म्हणतात, त्याचा अर्थ आता जातो, पण पुन्हा येईन. आणि लगेच वार आणि वेळ सांगा. शनिवार, दुपारी चार. मग चारला जा, सव्वाचारला नको.